गाण्याची स्पर्धा तिकडे, भांडण आपल्या गल्लीत

मलप्रभाकाठ (धागालेखक)

मंडळी,

गेला आठवडाभर आपल्या बेळगावात वडगाव-शहापूरपासून पार खानापूर-जांबोटीपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. एका कन्नड वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत आपल्याकडची एक मुलगी होती, ती बाहेर पडली. निरोपात लिहिलंय की मराठी आहे म्हणून मुद्दाम काढली, सीमाबांधवांनो जागे व्हा, जास्तीत जास्त शेअर करा. मुलीचं नाव, फोटो, गाव, सगळं दिलंय. (इथे कुणी नाव लिहू नका प्लीज. पोर दहावीला आहे.)

खरी गंमत पुढेच. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सौंदत्तीचा, घरी कन्नड बोलणारा. त्याने त्याच्या ग्रुपवर आलेला निरोप दाखवला. मराठी वाहिनीवरच्या स्पर्धेतून चिक्कोडीकडचा एक मुलगा बाहेर पडला, त्याबद्दल हेच सगळं कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येतं म्हणून सांगतो, ओळीला ओळ जुळते. तेच जोडलेले हात, त्याच तीन ज्वाळा, आणि शेवटी वाइल्ड कार्डसाठी, म्हणजे बाहेर पडलेल्याला परत आत आणण्यासाठी, मत द्या म्हणून ॲपची लिंक. बहिष्कार टाका म्हणायचं आणि खाली ॲप उतरवून घ्यायला सांगायचं!

आता मालक कोण ते बघा. झी मराठी आणि झी कन्नड एका घरच्या. कलर्स मराठी आणि कलर्स कन्नड एका घरच्या. स्टार प्रवाह आणि स्टार सुवर्णा एका घरच्या. त्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि व्हायाकॉम१८ मिळून जिओस्टार झालं, तेव्हापासून कलर्स आणि स्टारही एकाच छपराखाली. आपण मराठी वाहिनी विरुद्ध कन्नड वाहिनी म्हणून बाह्या सरसावतो आणि पैसा पडतो एकाच गल्ल्यात.

हा धंदा काही आजचा नाही. १९९५ मध्ये झीवर ‘सारेगम’ सुरू झालं तेव्हा सोनू निगम निवेदन करायचा, परीक्षक म्हणून जाणती माणसं बसायची, गुण द्यायची, विषय संपायचा. फोनवरची मतं आली आणि भांडण घरात शिरलं. २००५ चं सोनीवरचं ‘फेम गुरुकुल’ आठवतंय? जावेद अख्तर, शंकर महादेवन आणि केके परीक्षक. काझी तौकीरचं गाणं कच्चं आहे हे सगळ्यांना ऐकू येत होतं, पण तो काश्मीरचा, मतं पडत राहिली आणि रूपरेखा बॅनर्जीबरोबर जोडीने तो जिंकला. मधेच घरी गेलेल्यांत अरिजित सिंग नावाचा एक मुलगा होता. त्याच सुमारास झीच्या ‘सारेगमप चॅलेंज’मध्ये हिमेश रेशमिया आणि इस्माईल दरबार यांची दर आठवड्याला जुंपायची. तिथे सिल्चरचा देबोजित साहा जिंकला, त्याच्यामागे अख्खा आसाम उभा होता. २००७ मध्ये तर झी, सोनी आणि स्टार तिघांच्याही गाण्याच्या स्पर्धा एकाच वेळी चालू होत्या. ‘सारेगम’ उभं करणारे गजेंद्र सिंगच स्टारकडे जाऊन ‘व्हॉइस ऑफ इंडिया’ करत होते. अशा वेळी नुसतं चांगलं गाणं दाखवून भागत नाही, कुणाला तरी रडवावं लागतं नाहीतर कुणाशी तरी लढवावं लागतं.

त्याच वर्षीचं दार्जिलिंगचं उदाहरण आपण नीट बघण्यासारखं आहे. ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसातला शिपाई, दार्जिलिंगचा. डोंगरातल्या लोकांनी वर्गण्या काढून मतं टाकली आणि सप्टेंबरमध्ये तो जिंकला. मग एका रेडिओ निवेदकाने नेपाळी लोकांना चौकीदारीवरून हिणवलं आणि त्यावरून सिलिगुडीत दंगल पेटली. संचारबंदी लागली, लष्कर आलं. मतं गोळा करण्यात पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबरमध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष काढला, आणि डोंगरातले जुने पुढारी सुभाष घिसिंग यांची वीस वर्षांची सद्दी बघता बघता संपली. गाण्याच्या स्पर्धेने! वाहिनीने दंगल घडवली असं मी म्हणत नाही. पण जिथे भाषेचं दुखणं आधीपासून आहे तिथली मतं स्वस्तात मिळतात, एवढं सगळ्याच वाहिन्यांना तेव्हा कळलं असणार.

आपल्याकडे तर हे दुखणं १९५६ पासूनचं. तुमचे अनुभव सांगा. तुमच्यापैकी कुणी पोरांना घेऊन ऑडिशनला गेला असाल तर जास्तच सांगा.

---

खडेबाजार

आमच्या ग्रुपवर दोन्ही निरोप आलेत, मराठी पण आणि कन्नड पण. पाठवणारा माणूस एकच. त्याचं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे, त्याला काय.

---

निपाणीकर_खरा

धागा वाचला. भाषा गोड आहे, पण मला पटलेला नाही.

तुम्ही म्हणता भांडण आपल्याकडून करवून घेतलं जातंय. कन्नड-मराठी पाट्यांचं भांडण पण करवून घेतलेलं का? पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असले की त्यांच्या भाषेत कागदपत्रं द्यायची, हा नियम असून आम्हाला ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये येते, ते पण वाहिनीने केलं का? २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडलाय. जिथे रोज डावललं जातं तिथल्या माणसाला पोरगी बाहेर पडल्यावर संशय आला, तर त्याला खुळा ठरवू नका.

आणि ‘एकच मालक’ हे काय उत्तर झालं? मालक एक असला म्हणून तिथे बसलेल्या परीक्षकाच्या मनात काय आहे ते तुम्हाला दिसतं का?

---

मलप्रभाकाठ

निपाणीकर, खुळा कुणालाच म्हटलेलं नाही. नोटीस कन्नडमध्ये येते हे खरं आहे, माझ्याही घरी येते. माझा मुद्दा असा की त्या खऱ्या रागाची किंमत दुसराच कुणीतरी वसूल करतोय. कागदासाठी तहसीलदाराकडे चला म्हटलं तर चार माणसं जमत नाहीत, आणि वाइल्ड कार्डला मत द्या म्हटलं की रात्री बारापर्यंत अख्खी गल्ली जागी.

परीक्षकाच्या मनातलं मला दिसत नाही, हे मान्य. पण निरोप लिहिणाऱ्याला ते दिसलं कसं?

---

पेटीवाला

मी संवादिनी शिकवतो आणि साथही करतो. दोन्हीकडच्या वाहिन्यांच्या ऑडिशनांना शिष्यांबरोबर गेलोय. एकच प्रसंग सांगतो, कुठली वाहिनी ते विचारू नका.

लोकांना वाटतं टीव्हीवर दिसतात ते परीक्षक पहिल्यापासून ऐकतात. पहिल्या चाळणीत ते नसतात हो. शाळेचा वर्ग, एक टेबल, पलीकडे दोन तरुण पोरं, एकाच्या हातात फॉर्मांचा गठ्ठा. बाहेर पटांगणात रांग, सकाळी सहापासून. आत गेल्यावर साथ नाही, तानपुरा नाही, फोनवर सूर लावायचा आणि गायचं. मुखडा आणि अर्धा अंतरा होईतो “थँक यू” येतं.

माझी शिष्या गेली. आवाज निकोप, भूप छान मांडते. तिने स्थायी धरली आणि फॉर्मवाल्याने मान वर न करताच विचारलं, “बेळगाव? म्हणजे तो बॉर्डरचा इश्यू आहे ना तिकडे? घरी कोणी आंदोलनात वगैरे होतं का?”

पोरगी गाता गाता थांबली. खरं ते बोलली. तिचे आजोबा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तुरुंगात गेलेले. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग पहिल्यांदाच गठ्ठा खाली ठेवून म्हणाले, “हां, आता गा परत, सावकाश.”

पुढची फेरी मिळाली. भूपाने की आजोबांनी, ते मला विचारू नका.

नंतर घरी शूटिंगला आले. स्पर्धकाची गोष्ट सांगणारी जी फीत असते तिला ते लोक एव्ही म्हणतात. घर बघून जरा हिरमुसले, कारण पक्कं स्लॅबचं घर आणि दारात स्कूटर. शेजारच्या गोठ्याजवळ तिला रियाजाला बसवलं. आमच्यात गोठ्यात बसून कोण रियाज करतं? म्हशीला पण कळेना. मग आजोबांना म्हणाले, भगवा हातात घेऊन वेशीच्या दगडाजवळ उभे राहा आणि सांगा की माझी नात जिंकली तर बेळगाव जिंकलं. म्हातारा वस्ताद. म्हणाला, “नातीच्या गाण्याचं विचारायचं असेल तर विचारा. ती षड्ज कसा लावते ते सांगतो. झेंड्याचं तुम्हाला काय करायचंय?” त्यांनी दोनदा समजावून बघितलं. मग कॅमेरा बंद केला आणि चहा पिऊन गेले.

पुढच्या फेरीत ती बाहेर. मी अन्याय झाला म्हणणार नाही, त्या दिवशी तिचा तार षड्ज खरंच थोडा चढला होता. पण तोच आजोबा झेंडा घेऊन उभा राहिला असता तर चढलेला षड्ज कुणाला ऐकू आला असता का, हे मात्र मनातून जात नाही.

---

कंग्राळीचा_तात्या

पेटीवाले सर, त्या आजोबांस्नी माझा नमस्कार सांगा. म्हशीचं वाचून हसूलोय एकटाच, बायको बघूलीय काय झालं म्हणून.

---

टाइमलाइन

मी मूळची टिळकवाडीची, सध्या बेंगळूरला व्हिडिओ एडिटर. रिअ‍ॅलिटी शोचं काम केलंय, आता करत नाही. कराराच्या अटी आहेत, त्यामुळे नावं घेणार नाही.

पेटीवाले सरांनी जे सांगितलं त्याचा पुढचा अर्धा भाग माझ्या टेबलावर व्हायचा. शूटच्या दिवशी सगळ्या स्पर्धकांना आधी एकत्र बसवून रिअ‍ॅक्शन घेऊन ठेवतात. टाळ्या. आता धक्का बसलाय. आता डावीकडे बघा. आता हसू दाबा. डोळे पुसा, पण मेकअपला हात लावू नका. अर्ध्या तासात त्या पोरांचे सगळ्या भावनांचे चेहरे कार्डात जमा. मग परीक्षकाचं साधं वाक्य येतं, “दुसऱ्या कडव्यात श्वास कमी पडला.” मी त्यावर एकीचा उतरलेला चेहरा लावायचा, लगेच दुसऱ्याचं दाबलेलं हसू लावायचं, मागे ढोलाचा एक ठोका. झालं तुमचं वैर तयार. त्या दोघांनी सेटवर एकाच डब्यातून पोळीभाजी खाल्लेली असते.

एकदा असा चेहरा लावला आणि बघते तर मुलीच्या कानातलं वेगळं. वाक्याच्या वेळी झुमके, चेहऱ्याच्या वेळी खडे. फ्रेम एवढी मोठी केली की कान बाहेर गेला. प्रेक्षकांना वाटलं तिच्या डोळ्यांतलं पाणी दाखवायला जवळ गेलो. त्या शॉटखाली कॉमेंटचा पूर आला होता, आणि निम्म्या कॉमेंट दोन गावांच्या एकमेकांना शिव्या.

निपाणीकर दादांच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर. भाषेवरून कुणाला काढा असं मी एडिट रूममध्ये कधी ऐकलेलं नाही. भाषेवरून कुणाला ठेवा, हे मात्र ऐकलंय. “ही बॉर्डरची आहे, अजून दोन आठवडे चालेल,” असं. प्रोमोच्या मीटिंगला कॉमेंट कुठून येतायत याचा कागद असतो. त्यात एखादं शहर वर आलं की पुढच्या प्रोमोत त्या शहराचं नाव मोठ्या अक्षरात. दोन आठवडे संपले की ती मुलगी घरी आणि तुमच्या हातात निरोप.

निरोप कोण लिहितं ते मात्र मला माहीत नाही. फॅन पेजं चालवणारे लोक आमच्या मजल्यावर बसत नव्हते.

---

रसिक_अनगोळ

टाइमलाइन ताई, डोळे उघडले. तुम्ही म्हणता ते हिंदीवाल्यांनी तर उघड केलंय. २०२१ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या बाराव्या पर्वात किशोरकुमार विशेष भागाला अमितकुमार गेले आणि बाहेर येऊन सांगितलं की सगळ्यांची स्तुती करा असं मला सांगितलं होतं. दुसरा कुणी असता तर गप बसला असता. वाहिनीने काय करावं? पुढच्या एका भागात कुमार सानू, अनुराधा पौडवाल वगैरे मंडळी आली होती, त्यांना निवेदकाने कॅमेऱ्यासमोरच विचारलं, तुम्ही मनापासून कौतुक केलं की आमच्यापैकी कुणी सांगितलं होतं? म्हणजे वादाचाही एक भाग करून टाकला.

आणि त्याच्या आधीच्या पर्वात आदित्य नारायण आणि नेहा कक्कर यांचं लग्न! आमच्या सौ. नी रुखवत सोडून सगळी तयारी केली होती. दोघांनी २०२० मध्येच लग्न केलं, फक्त वेगवेगळ्या माणसांशी.

त्या मानाने आपलं झी मराठीवरचं २००८-०९ चं लहान मुलांचं ‘लिटिल चॅम्प्स’ आठवा. पल्लवी जोशी निवेदिका, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. आमच्या घरात एक पार्टी आर्याची, एक प्रथमेशची. जेवताना भांडणं. जिंकली कार्तिकी, आळंदीची. त्या रात्री दोन्ही पार्ट्या एकत्र येऊन वाहिनीला बोलल्या. वाद तेव्हाही झाला, वर्तमानपत्रांत पत्रंसुद्धा आली. पण ती पाच मुलं मोठी झाली, एकत्र कार्यक्रम करत राहिली, आणि मुग्धा-प्रथमेशने २०२३ मध्ये लग्नच केलं. हे मात्र कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

---

आकडेमोड

जाहिरात क्षेत्रात आहे, तेव्हा एक कोरडी गोष्ट सांगतो. इथे कुणी ती बोललंच नाही.

टीआरपी मोजते ती बार्क ही संस्था. देशभरात ५५ हजारांच्या आसपास घरांत मीटर, त्यावरून सगळा हिशेब, दर गुरुवारी आकडे. आता मराठी वाहिन्यांची जी क्रमवारी तुम्ही पेपरात वाचता ती ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजाराची असते. कन्नडची असते ‘कर्नाटक’ या बाजाराची. बेळगाव कुठे? कर्नाटकात. म्हणजे वडगावातल्या एखाद्या घरात मीटर असेल आणि ते घर चोवीस तास मराठी वाहिनी बघत असेल, तरी मराठी वाहिन्यांच्या त्या यादीत त्याचा शून्य उपयोग. उलट कन्नड वाहिन्यांच्या दृष्टीने ते घर न मिळालेलं गिऱ्हाईक.

तेव्हा मराठी वाहिनीला बेळगावच्या प्रेक्षकाची गरज कशासाठी? मतासाठी, कॉमेंटसाठी आणि एव्हीसाठी. ती एव्ही बघून पुण्या-कोल्हापुरातल्या घरांत डोळे ओले होतात, आणि ती घरं मोजली जातात. कन्नड वाहिनीला मात्र बेळगावचं मराठी घर खरोखर हवं असतं. म्हणून ‘मराठी म्हणून काढली’ हे धंद्याच्या हिशेबात बसत नाही. ते लोक तिला जितकी ठेवता येईल तितकी ठेवतील.

मतांचंही तसंच. कुणाला किती पडली हे बहुतेक स्पर्धांत जाहीरच होत नाही. पूर्वी एसएमएसचे पैसे कापले जायचे, त्यातला वाटा वाहिनीकडे. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने केबीसीच्या ‘हर सीट हॉट सीट’ या एसएमएस स्पर्धेवरून स्टार आणि एअरटेलला एक कोटीचा दंड केला होता. पुढे सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. आता मत फुकट, पण ॲप घ्या, नंबर द्या, जाहिराती बघा. वसुलीचा मार्ग तेवढा बदलला.

---

खडेबाजार

म्हणजे मत देताना आम्ही महाराष्ट्रातले आणि मोजताना कर्नाटकातले. बरं आहे की!

---

निपाणीकर_खरा

आकडेमोड, ही माहिती मला नव्हती. पण यातून राग कमी होत नाही, वाढतोच. मराठी वाहिनीला आम्ही फक्त डोळे ओले करायला पाहिजे? मग तसंच सांगा.

(आणि तो निरोप मी पुढे पाठवलेला नाही. उगाच कुणी समजू नये.)

---

कंग्राळीचा_तात्या

मी काय सांगूलोय ते ऐका. २०१८ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचा एक आमदार निवडून आला न्हाई, २०२३ ला एक आला न्हाई. आपापसात चार-चार उमेदवार. आणि आमची पोरं मोबाईलवर गायिका निवडून आणायला निघालीत. तिथं मात्र एकी! वर्गणी काढून रिचार्ज मारूलेत. हे मी निपाणीकराला बोलूलो न्हाई, माझ्या घरातल्या दोघांना बोलूलोय.

---

होसूर_बसवण्णा

नमस्कार. मी घरी कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे दोन्हीकडे शिव्या खातो. माझ्या मराठीत चूक झाली तर सांभाळून घ्या.

तुम्हाला वाटतं कन्नड बाजूला सगळे एक आहेत. तसं नाही. आम्ही उत्तर कर्नाटकवाले बेंगळूरच्या वाहिन्यांना किती वर्षं बोलत होतो, की आमची भाषा तुम्ही फक्त विनोदाला वापरता. २०१८-१९ मध्ये झी कन्नडच्या ‘सारेगमप’ला हावेरी जिल्ह्यातला हनुमंत आला, मेंढ्या राखणारा, लुंगी नेसून गाणारा. आमच्याकडे घराघरात त्याचंच नाव. अंतिम फेरीत दुसरा आला, तेव्हा हाच निरोप आमच्याकडे फिरला: उत्तर कर्नाटकचा म्हणून हरवला, बेंगळूरवाल्यांचा कट. तिथे मराठी-कन्नड काही नव्हतं, तरी निरोप होताच. जागा तीच ठेवून नाव बदलायचं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये तोच हनुमंत कन्नड ‘बिग बॉस’ जिंकला. त्याच्या तीन-चार महिने आधी मराठी ‘बिग बॉस’ सूरज चव्हाण जिंकला होता, बारामतीकडच्या खेड्यातला, तोही गरीब घरचा. दोन्ही कलर्सवर. दोन्हीकडे लोक म्हणाले, आपला माणूस जिंकला. मी दोन्ही बघितलं, दोन्हीकडे मला रडू आलं, खोटं का बोला.

मलप्रभाकाठ यांनी दार्जिलिंग सांगितलं, पण त्याच स्पर्धेचं दुसरं टोक राहिलं. तमांगच्या समोर अंतिम फेरीत होता शिलाँगचा अमित पॉल. तो बंगाली. शिलाँगमध्ये खासी आणि बाहेरचे यांच्यात कितीतरी वर्षांची तेढ. पण त्या मुलासाठी सगळे एकत्र रस्त्यावर आले, मेघालय सरकारने त्याला शांतिदूत केलं. एकाच स्पर्धेचा एकीकडे दंगा आणि एकीकडे मिलाप. म्हणून मी वाहिनीला एकटीला दोष देत नाही. आमच्या होसूरच्या गल्लीत ती मुलगी गात होती तेव्हा कन्नड बायकाही मत देत होत्या. बाहेर पडली तेव्हा त्यांनाही वाईट वाटलं. मग निरोप आला, आणि दुसऱ्या दिवशी नळावर बोलणं बंद.

---

मलप्रभाकाठ

बसवण्णा, शिलाँगचं मी वाचलं होतं, पण या बाजूने त्याचा विचार केला नव्हता. नळावरचं मात्र वाचून वाईट वाटलं. पाणी कधी येतं तुमच्याकडे?

---

होसूर_बसवण्णा

आठ दिवसांतून एकदा. त्यामुळे भांडण लांबतं. :)

---

शुभंकरोती

सगळे वाहिनी, मालक, टीआरपी बोलताय. त्या मुलीचं काय?

माझी मुलगी तिच्याच शाळेत आहे. निरोपात फोटो आहे, गाव आहे, बाबा काय करतात तेही आहे. तिच्या खात्यावर दोन्ही बाजूंनी लिहितायत. आपले म्हणतात, कन्नड गाणं गायला गेलीसच कशाला. ते म्हणतात, मराठी आहेस तर आमच्या वाहिनीवर कशाला. पूर्वपरीक्षा तोंडावर आलीय आणि पोर शाळेत यायला तयार नाही.

२००८ मध्ये कोलकात्यात एका बंगाली स्पर्धेत परीक्षक बोलल्यावर एका मुलीची वाचा गेली होती, आठवतंय का कुणाला? तेव्हा देशभर चर्चा झाली. बालहक्क आयोगाने नियमावली केली, शाळा बुडू नये, तासांना मर्यादा हवी, पालक सोबत हवेत. २०१९ मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयाने नृत्याच्या स्पर्धांमधल्या लहान मुलांवरून वाहिन्यांना सूचना काढली. हे सगळं सेटवरचं. सेटवरून घरी आल्यावर गावातले काका-मामा जे करतात, त्याला कुठली नियमावली?

ज्यांच्या ज्यांच्या ग्रुपवर तो निरोप आहे त्यांनी ॲडमिनला फोन करून काढायला लावा. मी तीन ग्रुपवर हे केलंय. एक ॲडमिन म्हणाला, “ताई, आपल्या भाषेचा प्रश्न आहे.” मी म्हटलं, फोटो तुमच्या मुलीचा लावा आणि मग भाषेचा प्रश्न विचारा. काढला त्याने.

---

पेटीवाला

शुभंकरोती ताई, माझ्या शिष्यांच्या पालकांच्या ग्रुपवरून काढलाय. तिच्या गुरूंशीही बोललो. ती यायला तयार असेल तर रविवारी माझ्याकडे बसायला पाठवा. पाच-सहा मुली असतात, मोबाईल बाहेर ठेवायचा नियम आहे.

---

निपाणीकर_खरा

आमच्याकडच्या दोन ग्रुपवर आहे. करतो फोन. बाकी मतभेद कायम.

---

संपादक मंडळ

मुलीच्या शाळेचा आणि परिसराचा उल्लेख असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. तिची ओळख पटेल असं काहीही लिहू नये. ‘कुठली वाहिनी ते सांगा’ असा आग्रहही धरू नये. धागा चालू राहील.

---

रसिक_अनगोळ

संपादकांचे आभार.

जरा जुनं सांगतो. वैर कॅमेऱ्याने आणलं असं कुणी समजू नये. येळ्ळूर, सांबरा, उचगाव, कुठल्याही गावची भजन स्पर्धा बघा. परीक्षकाच्या पाहुण्याचं मंडळ आलं की निकालाआधीच कुजबुज. एका वर्षी पहिला नंबर जाहीर झाला आणि दुसऱ्या नंबरवाल्यांनी पखवाज तिथेच आपटला, शाई उडाली. ढाल घ्यायला कुणी पुढे येईना. पंचांनी रात्री दोन वाजता दोन्ही मंडळांना भैरवी एकत्र म्हणायला लावली, एकमेकांकडे न बघता म्हटली त्यांनी. पण ते भांडण गावाचं होतं, मिटवणारेही गावातच होते. टीव्हीवरचं मिटवायचं तर कुणाकडे जायचं?

ज्या मातीत सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले, घरात कन्नड आणि गाण्यात मराठी, तिथे आपण गळ्याला भाषा विचारतोय. जाऊ दे, हे बोललं की लोक म्हणतात म्हातारा सुरू झाला.

---

टाइमलाइन

काका, तो पखवाज आपटलेला शॉट मला मिळाला असता तर अख्खा सीझन निघाला असता.

---

कंग्राळीचा_तात्या

सुरू व्हा की काका, ऐकूलोय.

आमच्या गल्लीत पण पुढच्या महिन्यात भजन स्पर्धा हाय. एन्ट्री फी न्हाई, पहिल्याला ढाल आणि पितळी समई. परीक्षक कोण यावरून आताच दोन बैठका मोडल्यात.

---

रसिक_अनगोळ

मग शेवटी कुणाला आणताय?

---

कंग्राळीचा_तात्या

गारगोटीचा एक माणूस सापडलाय. हितं त्याचा एक पण पाहुणा न्हाई, चौकशी करून घेतली. पेटीवाले सर, साथीला तुम्ही याल काय? मानधन जास्त न्हाई, जेवण हाय.

---

पेटीवाला

येतो. काळी दोनची पेटी आणतो, तुमच्या मंडळांचा सूर तिथेच बसतो. तारीख कळवा.